उत्तरांनी बांधलेले रंगाई केंद्र

“पैठण रस्त्यावरील औद्योगिक क्षेत्रात हिमरू व पैठणी विणकरांसाठी उभारण्यात आलेले सामायिक रंगाई केंद्र कार्यान्वित असून परिसरातील विणकर त्याचा लाभ घेत आहेत. सबब, विलंबाचा प्रश्न उद्भवत नाही.”

हे उत्तर उद्योग राज्यमंत्र्यांनी विधान परिषदेत एका तारांकित प्रश्नाला दिले, आणि ते शब्दाशब्दाने तपासण्याच्या योग्यतेचे आहे. पैठण रस्ता आहे. तो पैठणला जातो आणि परतही येतो. औद्योगिक क्षेत्र आहे. त्याच्या कडेला एक भूखंडही आहे, आणि ‘उभारण्यात आलेले’ हे विशेषण त्या भूखंडावर ज्या एकाच वस्तूला लागू पडते ती वस्तू म्हणजे एक लोखंडी फाटक. फाटकावर पाटी आहे. तिच्यावर केंद्राचे संपूर्ण नाव आणि भूमिपूजनास उपस्थित मान्यवरांची नामावली असून, जागा संपल्यामुळे शेवटच्या मान्यवरांचे आडनाव कडेने खाली उतरले आहे. फाटकाच्या दोन्ही बाजूंना भिंत नाही, त्यामुळे आत जाणाऱ्याला ते उघडे आहे की बंद याची चौकशी करावी लागत नाही. तरीही ते उघडते आणि मिटते, आणि ‘कार्यान्वित’ या शब्दासाठी याहून अधिक पुरावा सभागृहात कोणी मागितला नव्हता. फाटकामागे माळ आहे. राहता राहिला लाभ. तो पुंजाराम साळी या पैठणच्या विणकराने एकदा घेतला होता. एस.टी.ची वाट पाहताना ऊन फार झाले म्हणून तो पाटीच्या सावलीत उभा राहिला होता.

न्यायशास्त्राने अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत: वस्तू निर्माण होण्यापूर्वीचा, ती नष्ट झाल्यानंतरचा, ती कधीच नसल्याचा, आणि एक वस्तू ही दुसरी वस्तू नसल्याचा. शतकानुशतके बुद्धीला धार लावूनही नैयायिकांना पाचवा प्रकार सापडला नाही. तो उद्योग खात्याच्या एका जिल्हा कार्यालयाने, दुपारच्या जेवणापूर्वी, शोधून काढला. त्याला कार्यान्वित अभाव म्हणावे.

खोटे बोलले जाण्यासाठी कोणीतरी खोटे बोलावे लागते असा सर्वसाधारण समज आहे. या प्रकरणात तसा माणूस शोधूनही मिळत नाही, आणि संताप येतो तो यामुळेच. प्रश्न सभागृहात लागला की मंत्रालयातून जिल्हा कार्यालयाला फोन जातो. माहिती दुपारी तीनपर्यंत हवी असते, कारण माहिती नेहमीच दुपारी तीनपर्यंत हवी असते. तीनपर्यंत पैठण रस्त्यावर जाऊन येणे शक्य असते, पण जीप दुसऱ्या कुणाच्या तरी दौऱ्यावर असते. मग मागच्या अधिवेशनातले उत्तर काढले जाते. येथे एक अलिखित नियम लागू होतो, आणि लिखित नियमांपेक्षा तो कसोशीने पाळला जातो: नवे उत्तर जुन्या उत्तराच्या जागी थांबू शकते किंवा पुढे जाऊ शकते, मागे येऊ शकत नाही. मागे आले तर ते पुढे कोणी नेले होते हे सांगावे लागते. त्यामुळे केंद्र पहिल्या वर्षी विचाराधीन होते, पुढे तत्त्वतः मान्य झाले, मग प्रगतिपथावर आले, आणि त्यानंतर सलग काही अधिवेशने अंतिम टप्प्यात राहिले. त्या उन्हाळ्यात मसुदा हिमांशू पाटोदेकर या नव्याने बदलून आलेल्या अधिकाऱ्याकडे आला. त्याच्या घराण्यात तीन पिढ्या कारकुनी होती. कागदावर विश्वास ठेवणे त्याला कोणी शिकवावे लागले नव्हते. इतकी वर्षे अंतिम टप्प्यात असलेली गोष्ट एव्हाना पूर्ण झालीच असणार, असा त्याने प्रामाणिक तर्क केला आणि ‘कार्यान्वित’ असे लिहिले. विणकर लाभ घेत असल्याचे त्याने सौजन्य म्हणून जोडले. केंद्र चालू आहे म्हटल्यावर कोणीतरी त्याचा लाभ घेत असणारच.

अशा उत्तरांनी सहसा कोणाचे काही बिघडत नाही. ती छापली जातात, बांधली जातात आणि ग्रंथालयात ठेवली जातात. हे मात्र कोणीतरी वाचले.

तो उन्हाळा दुष्काळाच्या सलग दुसऱ्या वर्षाचा होता. जायकवाडीचे पाणी मृतसाठ्याच्या खाली गेले होते. तेव्हा औरंगाबाद म्हणवणाऱ्या आणि आता छत्रपती संभाजीनगर झालेल्या शहरात नळ आठवड्यातून एकदा येत होता. शहर मात्र थांबले नव्हते. बीड बायपासवर आणि शहरालगतच्या सातारा परिसरात नव्या वसाहतींचे फलक रोज लागत होते आणि प्रत्येक फलकावर पोहण्याचा तलाव निळाशार रंगवलेला होता. लहान उद्योगांना फिल्टरच्या पाण्याचे टँकर मंजूर करण्याचे काम टंचाई कक्षाकडे होते. नवाबपुऱ्यातल्या अरफाने तेथे अर्ज केला. तिच्या रंगखान्यात शहरातल्या हिमरू शाली विणणाऱ्यांचे आणि पैठणच्या निम्म्याअधिक मागांचे रेशीम रंगत असे. अरफाकडे रसायनशास्त्राची पदवी होती, तिचे चुलते शफीचाचा यांच्याकडे पन्नास वर्षांचा हात होता, आणि दोघांचे एका गोष्टीवर एकमत होते: बोअरच्या खारट पाण्यात लाल रंग विटकरी होतो आणि जांभळा मेलेला दिसतो. फिल्टरच्या पाण्यावाचून रंगखान्याला कुलूप लावण्याखेरीज इलाज नव्हता.

टंचाई कक्षाने अर्ज फेटाळला. आपल्या व्यवसायासाठी शासनाचे सामायिक केंद्र कार्यान्वित असल्याने स्वतंत्र टँकर अनुज्ञेय नाही, असे कळवण्यात आले. सोबत पुरावा म्हणून राज्यमंत्र्यांच्या उत्तराची प्रत जोडली होती.

त्याच दिवशी पुंजाराम पैठणहून लग्नसराईच्या पैठण्यांचे कोरे रेशीम घेऊन आला. त्याच्या मागोमाग पैठणचे बाकीचे विणकर येत असत. पुंजारामचे रेशीम जिकडे जाईल तिकडे त्यांचे जाई. त्याने रिकाम्या कढया पाहिल्या, चहा घेतला आणि बराच वेळ घरच्यांची खुशाली विचारली. मग तो मुद्द्यावर आला.

“आपा, मी काही रुसून जाणार नाय. पण अक्षय तृतीया कुणाची वाट बघती व्हय? येवल्याला लई रंगारी हायेत. तिथं एकदा बसलो की पुढच्या वर्साला इकडं यायला मलाच लाज वाटंल.”

अरफाने त्याच्याकडून चार दिवस मागून घेतले. ते काय करण्यासाठी, हे तिला त्या क्षणी ठाऊक नव्हते.

उद्योग खात्याच्या कार्यालयात ती शफीचाचांना घेऊन गेली. हिमांशूने दोघांना बसायला सांगितले, पाणी विचारले, आणि पाणी नसल्याचे लक्षात आल्यावर चहा मागवला. हा मनुष्य उर्मट नव्हता. त्याने अर्ज वाचला, उत्तराची प्रत वाचली, आणि दोन्हींचा मेळ बसत असल्याचे पाहून त्याला बरे वाटले. केंद्र असताना मॅडम स्वतः खर्चात का पडतात, असे त्याने कळकळीने विचारले. तिने केंद्र कुठे आहे असे विचारले. पैठण रोडला, तो म्हणाला. त्याने ते पाहिले आहे का, असे तिने विचारले.

“उत्तरात आहे ना, मॅडम.”

शफीचाचांनी बशीतला चहा संपवला. “बेटा,” ते म्हणाले, “जवाब में रेशम उबलता क्या?”

हिमांशूने उत्तराची प्रत पुन्हा एकदा वाचून पाहिली. निघताना त्याने केंद्राचा पत्ता एका चिठ्ठीवर सुबक अक्षरात लिहून दिला.

त्या चिठ्ठीवरून दुसऱ्या दिवशी सकाळी अरफा भूखंडावर गेली. सोबत कालिंदी खडकीकर होती. ती अरफाची शाळेपासूनची मैत्रीण, आणि विधान परिषदेतल्या एका विरोधी आमदारांचे शहरातले कार्यालय सांभाळणारी. आमदार प्रश्न विचारत. ते काय विचारणार हे कालिंदी ठरवत असे. या केंद्राविषयीचा पहिला प्रश्न तिनेच लिहिला होता आणि पुढचेही सगळे तिचेच. म्हणजे केंद्राचा पाया घालण्यात तिचाही हात होता. फाटकासमोर उभी राहिल्यावर तिचा चेहरा, आपल्या मुलाचा निकाल शेजारणीकडून कळलेल्या बाईसारखा झाला.

तिने तेथेच हक्कभंगाची सूचना तोंडी रचायला घेतली. सभागृहाची दिशाभूल, मंत्र्यांचे उत्तरदायित्व, विशेषाधिकार समिती. वाक्ये उत्तम होती. अरफा फाटकाच्या एका बाजूने आत गेली, दुसऱ्या बाजूने बाहेर आली, आणि पुन्हा एकदा गेली.

“समिती किती दिवसांत निकाल देते?”

“दिवसांत नाही गं. पण देते.”

“आणि त्यातून टँकर किती येतात?”

अरफा पाटीखाली, जेथे पुंजाराम उभा राहिला होता तेथे, दगडावर बसली आणि हसायला लागली. कालिंदीला आधी काळजी वाटली. मग अरफाने तिला काय सुचले ते सांगितले, आणि मग पैठण रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकवाल्यांनी दोन मध्यमवयीन बायका एका फाटकाखाली डोळे पुसत हसताना पाहिल्या.

सुचले होते ते असे. आतापर्यंत ज्याने त्याने केंद्र आहे काय, असे विचारले होते. या प्रश्नाला खात्याकडे उत्तर होते, आणि ते दर वर्षी सुधारत होते. केंद्र नाही, असे म्हणणे तर त्याहून निरुपयोगी. त्यावर चौकशी होते, आणि चौकशी हीही एक प्रकारची प्रगतीच असते. अरफाने ठरवले की केंद्र आहे असेच मानायचे, आणि त्याच्याकडून काम मागायचे.

दुसऱ्या दिवशी पुंजारामने कोऱ्या रेशमाचे गाठोडे फाटकापर्यंत आणले, तेथे ते रीतसर उघडले, ऊन लागू नये म्हणून लगेच झाकले, आणि सगळी मंडळी जिल्हा कार्यालयात गेली. ‘रेशीम केंद्राच्या दारात आणले आहे, शासनाच्या धोरणानुसार रंगवून मिळावे,’ असा अर्ज पुंजारामने आवक खिडकीवर दिला. खिडकीतल्या कारकुनाने त्यावर शिक्का मारला. शिक्का मारण्यापूर्वी वाचणे हे त्याच्या कामात येत नव्हते.

अधिवेशन अजून चालू होते. कालिंदीने त्याच दिवशी आमदारांच्या सहीने अल्पसूचना प्रश्न पाठवला. अशा प्रश्नाला मंत्र्यांची संमती लागते. ती लगेच मिळाली, कारण वरवर वाचणाऱ्याला तो स्तुतिपर वाटत होता. तो असा होता:

“(१) पैठण येथील विणकर श्री. पुंजाराम साळी यांनी सामायिक रंगाई केंद्राकडे रेशीम रंगविण्यासाठी आणले, हे खरे आहे काय. (२) असल्यास, ते कोणत्या रंगात रंगविण्यात आले. (३) रंग पक्का आहे काय. (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?”

संसदीय वाङ्मयात एवढी निरागस रचना दुर्मिळ आहे. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ म्हणता येत नव्हते, शिक्का होता. ‘हे अंशतः खरे आहे’ हा खात्याचा जुना आसरा, पण अंशतः आणलेले रेशीम म्हणजे काय हे सांगावे लागले असते. पहिला भाग खरा म्हटला की दुसऱ्या भागाला ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे लिहिता येत नव्हते. इमारत शाईने उभी राहते हे खात्याने सिद्ध केले होते. लाल रंग शाईने येत नाही.

मंत्रालयातून फोन आला. माहिती तीनपर्यंत हवी होती.

“कोणता रंग लिहू, साहेब?” हिमांशूने आपल्या कार्यालयप्रमुखांना विचारले. प्रमुखांनी सुरुवातीला निळा सुचवला, मग पुरावा मागितला तर काय, हे लक्षात येऊन मागे घेतला. हिमांशूने त्या दुपारी एक अभूतपूर्व गोष्ट केली. तो स्वतःच्या मोटारसायकलवरून पैठण रस्त्याला गेला. फाटकासमोर तो किती वेळ उभा होता हे कोणाला ठाऊक नाही. पण परत येताना तो कार्यालयात न जाता सरळ नवाबपुऱ्यात गेला. त्याच्या बाजूने लिहावे असे या प्रकरणात फार थोडे आहे, म्हणून हे लिहिले पाहिजे.

दारात त्याने चपला काढल्या, बसला, आणि आपण केंद्र पाहून आल्याचे सांगितले. मग शफीचाचांनी विचारायच्या आधीच म्हणाला, “नहीं उबलता, चाचा.”

चाचांनी त्याला चहा दिला.

मात्र कार्यालयप्रमुखांची प्रतिभा त्याच्या प्रामाणिकपणापेक्षा वेगाने धावत होती. उत्तर मागे जाऊ शकत नाही, पण केंद्र पुढे येऊ शकते, हे त्यांच्या लक्षात आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी फिल्टरच्या पाण्याने भरलेला टँकर नवाबपुऱ्याच्या गल्लीत शिरला. काचेवर ‘रंगाई केंद्र, तातडीचे’ असा कागद होता. त्याच्या मागे एका टेंपोत फाटकावरची पाटी होती. ती उतरवून अरफाच्या दारावर टांगण्यात आली. दार लहान असल्याने ती दोन्ही बाजूंनी बाहेर आली, आणि शेजारच्या पानवाल्याच्या दुकानाचा थोडा भागही शासनाच्या ताब्यात गेला. पानवाल्याने मुख्य मान्यवरांच्या नावाखाली आपले भावफलक लावून हिशोब चुकता केला.

अरफाने पाटीबद्दल तक्रार केली नाही. तिने टँकरचा नळ उघडून ओंजळीत पाणी घेतले, चव पाहिली, आणि भट्ट्या पेटवायला सांगितले. पुंजारामचे रेशीम त्याच दिवशी कढईत गेले. बाकीच्या विणकरांना निरोप गेले. गल्लीत वाफेचा आणि ओल्या रेशमाचा वास पसरला, आणि बऱ्याच दिवसांनी शफीचाचा भट्टीवाल्या पोरांना नाव घेऊन शिव्या देऊ लागले. त्यावरून रंगखाना सुरू झाल्याचे मोहल्ल्याला कळले.

टँकरसोबत एक संमतीपत्रही आले होते. त्यात लिहिले होते की सदर जागा, भट्ट्या, कढया व इतर साहित्य यांसह हा रंगखाना म्हणजेच शासनाचे सामायिक रंगाई केंद्र असून तो खात्याच्या नियंत्रणाखाली चालवण्यास मालकाची हरकत नाही. त्यावर सही झाली की उत्तर खरे होणार होते. सही झाली नाही तर टँकर कोणत्या नियमाने येतो, असा प्रश्न टंचाई कक्ष विचारणार होता. म्हणजे पाणी हवे असेल तर रंगखाना द्यायचा, आणि रंगखाना हवा असेल तर पाणी सोडायचे. तिचे आजोबा ज्या कढईत रंग ढवळत, तिच्यावर आता मालमत्ता क्रमांक पडणार होता.

हिमांशू रोज संमतीपत्र घेऊन येई. अरफा रोज त्याला आपले हात दाखवी. मनगटापर्यंत जांभळे.

“ह्या हातांनी सरकारी कागदावर सही कशी करू? डाग पडेल.”

त्यालाही ते पटत असे. तो चहा घेऊन जाई आणि कार्यालयात ‘अर्जदार कामात व्यग्र’ असे नोंदवी. असे फार दिवस चालणार नव्हते हे दोघांनाही समजत होते. कालिंदी रोज फोन करून सांगे की काहीही झाले तरी सही करू नकोस; अरफा तिला सांगे की कढईत निम्मे पैठण उकळते आहे, अर्ध्यात पाणी बंद झाले तर ते सगळे येवल्याच्या दिशेने चालू लागेल. कोणी कोणाला चुकीचे ठरवू शकत नव्हते.

याच सुमारास राज्यमंत्री एका औद्योगिक प्रदर्शनाच्या उद्घाटनासाठी शहरात आले. अल्पसूचना प्रश्नाचे उत्तर त्यांना तीन दिवसांनी द्यायचे होते. कार्यालयप्रमुखांनी त्यांच्या कार्यक्रमात ‘रंगाई केंद्रास सदिच्छा भेट’ असे घातले. मंत्री साखर कारखान्याच्या राजकारणातून वर आलेले होते. आपल्याला काय दाखवले जात आहे यापेक्षा काय दाखवले जात नाही इकडे लक्ष ठेवण्याची त्यांना जुनी सवय होती. गल्लीत गाडी शिरेना म्हणून ते चालत आले. पाटी वाचली. पानाचे भाव वाचले. एक पान लावायला सांगितले, आणि वाकून आत शिरले.

कार्यालयप्रमुख केंद्राची उद्दिष्टे सांगू लागले. मंत्री शफीचाचांकडे वळले आणि केंद्र केव्हा सुरू झाले असे त्यांनी विचारले.

“हुज़ूर, निज़ाम सरकार के ज़माने में,” चाचा म्हणाले. “उद्घाटन की तारीख़ नक्को पूछो, कोई आयाच नहीं था.”

मंत्री हसले. कार्यालयप्रमुखही एका क्षणाने हसले. मग मंत्र्यांनी अरफाला विचारले, “ताई, शासनाकडून काय काय मिळालं तुम्हाला?”

“पाणी मिळालं, साहेब. या आठवड्यापासून.”

“त्याच्या आधी?”

“त्याच्या आधी तुमचं उत्तर मिळालं होतं. त्याच्यावरून पाणी नाकारलं गेलं.”

कढईत लडी फिरवणारी काठी थांबली. कार्यालयप्रमुखांनी सांगितले की बाईंचा थोडा गैरसमज झाला आहे, संमतीपत्राची औपचारिकता तेवढी राहिली आहे. मंत्र्यांनी हात पुढे केला. हिमांशूने संमतीपत्र त्यांना दिले. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचले. ज्या कागदावर दुसऱ्याने सही करायची असते तो शेवटपर्यंत वाचायचा, ही शिकवणही सहकार क्षेत्राचीच.

“तुम्ही का सही करत नाही?”

“केली तर हे घर तुमचं. नाही केली तर टँकर परत. आत्ता कढईत पुंजारामभाऊंचं शेवटचं रेशीम आहे, त्याला अजून दोन पाणी लागणार आहेत.” तिने हात पदराला पुसले. “साहेब, मला रंगवायला पाणी लागतं. खरं बोलायला तुम्हाला काय लागतं?”

हे बोलताना तिचा आवाज चढला नव्हता. पुंजाराम कोपऱ्यात लडी मोजत असल्यासारखा खाली पाहत होता. दारात कालिंदी उभी होती. तिच्या पर्समधून हक्कभंगाच्या सूचनेचा कागद मुद्दाम बाहेर डोकावत होता, आणि मंत्र्यांनी तो आत येतानाच पाहिला होता.

ते हिमांशूकडे वळले. पैठण रस्त्यावर काय आहे, असे त्यांनी विचारले. कार्यालयप्रमुखांनी ‘अंतिम’ हा शब्द उच्चारण्यासाठी तोंड उघडले, पण हिमांशू त्यांच्या आधी बोलला.

“फाटक आहे, साहेब. मी उत्तर लिहिल्यानंतर पाहिलं.”

नोकरीत एवढे छोटे आणि एवढे महागडे वाक्य त्याने पूर्वी लिहिलेही नव्हते. मंत्र्यांनी संमतीपत्राची घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवली. ते ठेवले की जप्त केले, हे कोणालाच कळले नाही. मग ते कढईजवळ गेले, वाळत घातलेल्या लडींपैकी एक त्यांनी हातात घेतली आणि उजेडाकडे धरली.

“याला काय रंग म्हणायचं?”

“तुतीचा.”

“पक्का आहे?”

“धुऊन बघा.”

त्यांनी बादली मागवली. राज्याच्या उद्योग राज्यमंत्र्यांनी बाह्या सारून, लाकडी पाटावर बसून, रेशमाची लडी साबणाच्या पाण्यात चुबकली आणि पिळली. पाणी नितळ राहिले. गल्लीत जमलेल्या माणसांनी समाधानाचा आवाज केला, पानवाल्याने पान पाठवले, आणि मंत्री पान खात, बोटे पुसत, वाकून बाहेर पडले. जाताना ते काय करणार हे त्यांनी सांगितले नाही. आता पैठण रस्त्याला घ्या, एवढेच ड्रायव्हरला म्हणाले.

पुढचे तीन दिवस टँकर येत राहिला, कारण तो बंद करण्याचा आदेश काढायला कोणी धजेना, आणि चालू ठेवण्याचाही. अरफाने पुंजारामचे रेशीम पूर्ण केले आणि पुढच्या विणकराचे कढईत घातले. सही मागायला हिमांशू आला नाही; त्याच्याकडे कागदच उरला नव्हता. उत्तराच्या दिवशी कालिंदी मुंबईला विधान परिषदेच्या गॅलरीत जाऊन बसली. आमदारांनी प्रश्नाचा क्रमांक पुकारला. मंत्री उठले, खात्याने टंकलिखित करून दिलेले उत्तर त्यांनी समोर ठेवले, त्यावर चष्मा ठेवला, आणि कागदाकडे न पाहता बोलले. सभागृहाच्या कार्यवृत्तात ते शब्दशः असे आहे:

“सभापती महोदय, पहिल्या भागाचे उत्तर : होय. दुसऱ्या भागाचे उत्तर : तुतीच्या रंगात. तिसऱ्या भागाबाबत, मी स्वतः धुऊन पाहिले, रंग पक्का आहे. मात्र ते रेशीम आमच्या केंद्रात रंगले नाही, कारण आमचे केंद्र नाही. मी तिथे जाऊन आलो, तिथे फाटक आहे. रेशीम नवाबपुऱ्यातल्या अरफाताईंच्या रंगखान्यात रंगले. तो रंगखाना त्यांचा आहे, खात्याचा नाही, आणि टँकर आजपासून त्यांच्याच नावाने, कोणतीही सही न घेता, चालू राहील. मध्यंतरी त्यांना पाणी नाकारले गेले. ते आम्हीच नाकारले. सभागृहात चुकीचे उत्तर दिले गेले, यात नवीन काही नाही, महोदय; नवीन एवढेच झाले की या वेळी आमच्याच शासनाच्या टंचाई कक्षाने त्यावर विश्वास ठेवला.”